न केलेलं अपील

क्रिकेटच्या कायद्यात एकूण ४२ कलमं आहेत. त्यांतलं ३१वं मला सगळ्यांत सभ्य वाटतं. फलंदाज कितीही उघडपणे बाद असो, क्षेत्ररक्षण करणाऱ्यांपैकी कुणीतरी विचारल्याखेरीज अंपायरने त्याला बाद द्यायचं नाही, असं ते सांगतं. कुणी विचारलंच नाही, तर फलंदाज खुशाल पुढचा चेंडू खेळायला उभा राहतो आणि अंपायर आपलं ज्ञान कोटाच्या खिशात घालून गप्प राहतो. याच कलमात आणखी एक मेख आहे. जे काही विचारायचं ते गोलंदाज पुढच्या चेंडूसाठी धावायला लागण्याआधी विचारायचं. तो धावू लागला की मागच्या चेंडूचा हिशेब मिटला.

गेली सत्तावीस वर्षं मी मुंबईच्या मैदानांवर अंपायर म्हणून उभा राहतो आहे. या काळात नाना तऱ्हेची अपिलं ऐकली. घसा फुटेस्तोवर केलेली, गुडघ्यावर बसून केलेली, नव्या सुनेने साखर मागावी तशी लाजत केलेली. एकदा तर शेजारच्या पिचवरच्या यष्टिरक्षकाने आमच्या फलंदाजाविरुद्ध अपील केलं. आझाद मैदानावर २२ खेळपट्ट्या आहेत. तिथे एका सामन्याचा पॉइंट आणि दुसऱ्या सामन्याचा फाइन लेग पाठीला पाठ लावून उभे असतात, तेव्हा असं व्हायचंच. ते अपील मी बाणेदारपणे फेटाळलं. अपील क्षेत्ररक्षकाने करायचं असं कायदा म्हणतो, पण कुठल्या सामन्यातल्या क्षेत्ररक्षकाने हे काही तो बजावून सांगत नाही, ही गोष्ट परतीच्या गाडीत मुलुंडच्या पुढे ध्यानात आली.

दिवसभर दुसऱ्यांची अपिलं ऐकणाऱ्या या माणसाला स्वतःचं अपील करायची मात्र सोय नसते. ती हकिकत सांगायची तर बुधवारपासून सुरुवात करावी लागेल.

लोकांची अशी समजूत दिसते, की अंपायर मैदानातच उगवतो. पहाटे माळी येतो, सहा स्टंप रोवतो आणि त्यांच्यामागे दोन अंपायर रोवून जातो. पण रविवारी मैदानात उभ्या असलेल्या प्रत्येक अंपायरच्या मागे एक बुधवार असतो. बुधवारी संध्याकाळी संघटनेची यादी लागते. कोण, कुठल्या मैदानावर, कुठल्या सामन्याला, कुणाच्या जोडीला. आमच्या भाषेत याला पोस्टिंग म्हणतात. बदली झालेल्या तहसीलदाराच्या तोंडी शोभेल असा हा शब्द आहे, आणि त्यामागची धाकधूकही तीच आहे.

मी लागलो तेव्हा डोंबिवलीच्या आमच्या इमारतीत फोन एकच, तळमजल्यावरच्या काकूंकडे. निरोप त्या घेत आणि जिन्यातून मोठ्याने वर पोचवत. "अहो, रविवारी तुम्हाला क्रॉसवर चढवणार आहेत म्हणे! काय केलंत असं?" चर्चगेटजवळच्या क्रॉस मैदानाची ही ख्याती तिन्ही मजल्यांवर गेली आणि दोन दिवस शेजारी माझ्याकडे हळव्या नजरेने बघत होते. आता यादी मोबाइलवर येते. काकू गेल्या, पण बुधवारी संध्याकाळी सहानंतर माझं चहात लक्ष नसतं ते नसतंच.

यादी वाचणं हे पत्रिका वाचण्याइतकंच गहन शास्त्र आहे. साधं उदाहरण कांगा लीगचं. डॉ. होरमसजी कांगा यांच्या नावाने १९४८ साली सुरू झालेली ही स्पर्धा भर पावसाळ्यात खेळतात. बाकीचं जग पावसात क्रिकेट बंद करतं, मुंबई चालू करते. गवत पोटरीपर्यंत, चेंडू साबणासारखा, आणि खेळ होणार की नाही हे ठरवायचं आम्ही दोघांनी, चिखलात बूट रुतवून. तिच्यात ए पासून जी पर्यंत डिव्हिजन. सलग दोन मोसम ई-एफ मिळाल्यावर एकदम सी डिव्हिजन आलं, की कुणाची तरी कृपादृष्टी झाली असं समजायचं. सी वरून पुन्हा जी, म्हणजे कुठेतरी काहीतरी चुकलं. काय ते कुणी सांगत नाही. साडेसातीत शनी तरी कुठे कारण सांगतो?

जोडीदार कोण, हेही वाचावं लागतं. ज्येष्ठ अंपायरबरोबर नाव आलं, तर त्याला दोन अर्थ. एक, तुम्हाला शिकवायला पाठवलंय. दोन, तुमच्यावर नजर ठेवायला त्यांना पाठवलंय. हा खुलासा सामना संपल्यावरसुद्धा होत नाही. ते ज्येष्ठ गृहस्थ चहा पिताना म्हणतात, "बरं केलंत." या दोन शब्दांवर मी एक अख्खा उन्हाळा काढला आहे.

मुळात मी अंपायर का झालो? क्लबात अकराव्या नंबरला खेळायचो. बारावा कुणी नव्हता म्हणून अकरावा. एका रविवारी अंपायर आला नाही, तेव्हा कर्णधार म्हणाला, "तू जरा उभा राहा, तुझं तसंही मैदानात फारसं काम नसतं." त्या दिवशी मला पहिल्यांदा मैदानाच्या मधोमध उभं राहून सामना दिसला. खेळाडू असताना तो नेहमी लांबून, थर्ड मॅनवरूनच दिसायचा. मग परीक्षेला बसलो. लेखी झाली, तोंडी झाली, प्रात्यक्षिक झालं. तोंडीत तीन वयस्कर गृहस्थ समोर बसले होते. त्यांतल्या एकाने विचारलं, "झाडाची सावली पिचवर पडते, फलंदाज तक्रार करतो. काय कराल?" मी म्हणालो, "सावलीत जाऊन उभा राहीन." मे महिना होता. त्या वर्षी नापास झालो.

ही सावली पुढेही अंपायरांचा पाठलाग करत राहिली. २०२२ साली बीसीसीआयने महिला आणि ज्युनियर गटाच्या सामन्यांसाठी अहमदाबादेत परीक्षा घेतली. १४० जण बसले, ३ जण पास झाले. तिथेही सावलीचा प्रश्न होता. झाडाची किंवा पॅव्हेलियनची सावली पडली तर तिच्याकडे लक्ष द्यायचं नाही. क्षेत्ररक्षकाची सावली असेल तर त्याला हलू नकोस म्हणायचं. तो हलला तर चेंडू निकामी. दुसरा प्रश्न गोलंदाजाच्या बोटाला लावलेल्या पट्टीचा. जखम खरी आहे, पट्टी काढली तर रक्त येईल, तरी काढायला लावाल का? उत्तर आहे, गोलंदाजी करायची असेल तर पट्टी काढावीच लागेल. आईबापांनी पोरांशी जितकं कठोर व्हावं असं पुस्तकांत लिहिलेलं असतं आणि प्रत्यक्षात कुणालाच जमत नाही, तितकं कठोर अंपायरने व्हायचं असतं.

परीक्षा पास झालं की शिडीचा पहिला दांडा हाती येतो. आधी शाळांचे सामने, गाइल्स आणि हॅरिस शिल्ड. मग क्लबांचे, मग ऑफिसांचे टाइम्स शिल्डचे. वर्षावर्षाचे शेरे जमत जातात. त्यावरून संघटना ठरावीकच नावं पुढे बोर्डाकडे पाठवते, वयाची अट घड्याळासारखी टिकटिकत असते, आणि बोर्डाची परीक्षा काय प्रकरण आहे ते वर सांगितलंच. तीतून पार पडलेल्यांचीही पुन्हा श्रेणी लागते. २०२२ मध्ये ए प्लस आणि ए श्रेणीच्या पंचांना दिवसाला ४०,००० रुपये मानधन ठरलं. आमच्या मानधनातून रेल्वेचा पास आणि कोटाची धुलाई सुटते. कोट फार मळला तर पास सुटत नाही.

शेरे कोण मारतं, हा यातला खरा गमतीचा भाग. आमच्याकडे सामना संपल्यावर दोन्ही कर्णधार अंपायरचा रिपोर्ट भरत. म्हणजे ज्याला मी सकाळी साडेदहाला शून्यावर पायचीत दिलं, तोच संध्याकाळी साडेपाचला माझं मूल्यमापन करणार. न्यायाधीशाने शिक्षा सुनावल्यावर आरोपीने न्यायाधीशाची बढती ठरवावी, अशी व्यवस्था कुठल्याही घटनेत नसेल. मला एकदा एका कर्णधाराने 'स्वभाव' या रकान्यात दहापैकी नऊ दिले आणि 'निर्णय' या रकान्यात तीन. हिने तो कागद वाचला आणि म्हणाली, "घरी उलटं आहे." निर्णय तीच घेते, त्यामुळे ते चांगले असतात, असा त्याचा अर्थ.

आपल्याकडे पाचामुखी परमेश्वर म्हणतात. क्रिकेटने मुखं दोनच दिली, त्यामुळे परमेश्वर जेमतेम चाळीस टक्के येतो. उरलेले साठ टक्के खांद्यांवर असतात. जानेवारी २०१६ मध्ये आमच्या शेजारच्या कल्याणात प्रणव धनावडे या शाळकरी मुलाने एका डावात नाबाद १००९ धावा केल्या. सगळ्यांनी त्या मुलाचं कौतुक केलं आणि ते रास्तच होतं. मी मात्र वर्तमानपत्र वाचता वाचता आपला उजवा खांदा चोळत होतो. १२९ चौकार, ५९ षटकार! म्हणजे १२९ वेळा हात डावी-उजवीकडे झुलवायचा आणि ५९ वेळा दोन्ही हात देवाला वाहायचे, तेही एकाच मुलासाठी. आणि त्या सगळ्या धावांच्या मधे मधे त्या बिचाऱ्या गोलंदाजांनी किती आशेने मागे वळून विचारलं असेल!

शिडी चढून जाणारी माणसं असतात आणि त्यांच्याकडे बघून मान ताठ होते. आडनावच रिपोर्टर असलेले मुंबईचे पिलू रिपोर्टर कर्णधारांच्या सगळ्या रिपोर्टांतून पार होऊन कसोटीपर्यंत गेले, आणि १९८६ साली लाहोरला पाकिस्तान-वेस्ट इंडिज सामन्यात व्ही. के. रामस्वामींबरोबर तटस्थ पंच म्हणून उभे राहिले. यजमान देशाचेच पंच हवेत ही जुनी चाल तिथे मोडली. नवी मुंबईच्या वृंदा राठी तर गुणलेखकाच्या टेबलावरून आल्या. गुणलेखकाचं काम म्हणजे अंपायरने खूण केली की आपण हात वर करून 'पोचली' म्हणायचं. वर्षानुवर्षं खुणा पोचवून घेणारी ही मुलगी उठून खुणा करायला मैदानात गेली, आणि जानेवारी २०२३ मध्ये रणजी करंडकात उभ्या राहिलेल्या पहिल्या स्त्री पंचांत तिचं नाव आलं. टेबलापासून यष्ट्यांपर्यंत अंतर असतं साठ-सत्तर पावलांचं. ते चालायला इतकी वर्षं जावी लागली.

माझ्याबरोबर परीक्षेला बसलेला एक जणही वर गेला. त्याचा पहिला सामना माझ्या जोडीला होता. सहा चेंडू मोजायला मी खिशात चिंचोके ठेवतो, ते बघून त्याने दुसऱ्या आठवड्यात मोजणीचं यंत्र आणलं. तेव्हाच मी ओळखलं, हा जाणार. तो नुसता हुशारच होता असं नाही. दिवाळीला तो सगळ्या पदाधिकाऱ्यांच्या घरी फराळाला जाई, वाढदिवस लक्षात ठेवी, कुणाच्या मुलाच्या मुंजीत पंक्तीला वाढी. तो कधीही सामना मागत नसे. फक्त जाताना उंबऱ्यात क्षणभर थांबून "बाकी ठीक?" असं म्हणे. अपील ओरडूनच करायला हवं असं कायद्यात कुठेही लिहिलेलं नाही.

हिचं म्हणणं पडलं, "तुम्हीही विचारा की! विचारल्याशिवाय कोण देतं?" ३१वं कलम न वाचता तिने ते तोंडपाठ म्हटलं. मी म्हणालो, "अंपायर मागत नसतो." ती म्हणाली, "मग दर बुधवारी आमटीत दोनदा मीठ घालत नका जाऊ."

अखेर चौदाव्या वर्षी गेलो. सलग तीन मोसम मला शाळांचेच सामने मिळत होते. ज्यांच्याबरोबर सुरुवात केली ते ए डिव्हिजनला, आणि मी चौदा वर्षांखालच्या मुलांचे नाडे बांधतोय. यादी करणारे गृहस्थ स्वतः जुने अंपायर. त्यांना सगळे 'सर' म्हणत. मोठ्या टेबलामागे एक जाडजूड रजिस्टर उघडून बसले होते. मी वाक्य पाठ करून गेलो होतो, ते विसरलो आणि म्हणालो, "बाकी ठीक?"

सर हसले. त्यांनी रजिस्टर माझ्याकडे फिरवलं. इतकी वर्षं ज्या यादीत मी ग्रहतारे शोधत होतो, ती आतून पहिल्यांदा पाहिली. याला विरारहून यायचंय, कुलाब्याला टाकू नये. याचा मुलगा त्या क्लबात खेळतो, तो क्लब वर्ज्य. याची नोकरी अमक्या ऑफिसात, त्या ऑफिसचा सामना वर्ज्य. या दोघांचं २००३ पासून बोलणं नाही. हा एकादशीला उभा राहत नाही. हा उभा राहतो, पण एकादशीला सगळ्यांना नाबाद देतो. "लग्नाची पंगत बसवणं परवडलं," सर म्हणाले, "तिथे निदान सगळे जेवायलाच आलेले असतात."

मग त्यांनी माझ्या नावावर बोट ठेवलं. बोट ठेवलं म्हणतोय. वर केलं नाही. "तुम्हाला शाळा का देतो सांगू? पोरं आऊट झाली की रडतात. तुमच्या सामन्यात कमी रडतात. मी येऊन पाहिलंय."

मला काय बोलावं सुचेना. तीन मोसम ज्याला मी उपेक्षा समजत होतो, तो निर्णय निघाला. कुणीतरी नीट बघून, विचार करून, सगळा अंदाज घेऊन दिलेला. चर्चगेटपर्यंत मी तरंगत गेलो, तिथून चालत बोरीबंदर. घरी येऊन हिला सांगितलं. तिने त्या दिवशी गोडाचा शिरा केला.

पुढे दोन वर्षांनी कळलं, की हेच वाक्य सरांनी आणखी दोघांना सांगितलं होतं.

थोडा राग आला. मग वाटलं, सरही अंपायरच. त्यांच्याकडे आठवड्याला पन्नास अपिलं येत असतील, मुकी, फराळाची, उंबऱ्यातली. प्रत्येकाला नाही म्हणायचं, आणि माणूस पुढच्या रविवारी पुन्हा वेळेवर कोट घालून यायला हवा, असं म्हणायचं. आणि खरं सांगायचं तर, आम्हा तिघांच्याही सामन्यात पोरं कमी रडत असतील. असं होऊ नये असं काही कलम नाही.

एक जुनी गोष्ट मला अशा वेळी आठवते. फेब्रुवारी १९८०, वानखेडेवरची सुवर्णमहोत्सवी कसोटी. इंग्लंडची अवस्था वाईट, बॉब टेलर यष्टिमागे झेलबाद दिला गेला. तो रेंगाळला, बॅट लागली नाही असं त्याला ठाऊक होतं. स्लिपमध्ये उभ्या असलेल्या विश्वनाथलाही ते ठाऊक होतं. कर्णधार होता तो. त्याने अपील मागे घेतलं. टेलर परत आला, बोथमबरोबर १७१ धावांची भागीदारी झाली आणि भारत दहा गड्यांनी हरला. केलेलं अपील मागे घ्यायला विश्वनाथचं काळीज लागतं. माझ्यासारख्यांनी न करताच ठेवलेली असतात, त्यामुळे मागे घेण्याचा मोठेपणाही मिळत नाही. दर बुधवारी नवी यादी येते, म्हणजे गोलंदाज पुन्हा धावायला लागतो, आणि मागच्या आठवड्याची सगळी रुखरुख कायद्यानेच निकालात निघते.

परवाच्या रविवारी गाइल्स शिल्डचा सामना होता. हेल्मेटमध्ये बुडालेला एक मुलगा सहा धावांवर खेळत होता. चेंडू आत आला, पॅडवर बसला आणि अकरा चिमण्या एकदम ओरडल्या. मी मनात तीनपर्यंत मोजलं आणि बोट वर केलं. तो गेला नाही. माझ्याकडे बघत राहिला. फलंदाजाने अंपायरकडे अपील करायची तरतूद ४२ कलमांत कुठेही नाही, पण ते अपीलच होतं. आवाज नसलेलं. मी ते ओळखलं, कारण हस्ताक्षर ओळखीचं होतं. मग तो वळला, बॅट ओढत गेला. रडला नाही. सरांना कळवावंसं वाटलं, पण सर आता नाहीत.

सामना संपल्यावर पाण्याच्या पिंपाशी तो आला. "काका, लेगला बाहेर जात होता ना?"

"मला स्टंपवर दिसला, बाळा."

त्याने त्यावर बराच विचार केला. ग्लासभर पाणी प्यायला. मग म्हणाला, "पुढच्या मॅचला पण तुम्हीच असणार का?"

"ते बुधवारी कळेल."

"मग तुम्ही सांगा ना त्यांना, आम्हालाच द्या म्हणून!"

मी कोटाची घडी घातली, चिंचोके मोजून खिशात टाकले. पाचच भरले. सहावा कुठेतरी गवतात पडला असणार. तो शोधायला आम्ही दोघंही वाकलो.